सिएटलची जुनी मंडई पाडायचं पक्कं ठरलं होतं. ती कशी वाचली, हे महापालिकेच्या दप्तरात सापडतं

एक रील तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. मासळीच्या दुकानासमोर बघ्यांची गर्दी. रबरी बूट घातलेला विक्रेता बर्फावरचा भला मोठा सामन मासा उचलतो, जोरात ओरडतो आणि काउंटरमागच्या साथीदाराकडे तो मासा थेट भिरकावतो. साथीदार कागदात तो अलगद झेलतो. लोक टाळ्या वाजवतात.

हे अमेरिकेतल्या सिएटल शहराचं पाईक प्लेस मार्केट. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनमुळे त्या भागात मराठी इंजिनिअर भरपूर आहेत. मुलाकडे किंवा मुलीकडे तिकडे गेलेल्या आई-बाबांना एका रविवारी हमखास इथे आणलं जातं. स्टारबक्सच्या ‘पहिल्या’ दुकानाबाहेर रांग लावून फोटोही काढला जातो. (खरं तर १९७१ सालचं पहिलं दुकान जवळच दुसऱ्या जागी होतं. आत्ताच्या जागी ते काही वर्षांनी आलं.)

रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही. साठच्या दशकात ही मंडई जमीनदोस्त करायची योजना तयार होती. तिच्या जागी हॉटेल, ऑफिसांच्या इमारती, उंच निवासी इमारती आणि मोठं पार्किंग येणार होतं. नगर परिषद त्या बाजूची, व्यापारी संघटना त्या बाजूची, केंद्र सरकारचा पैसाही त्याच बाजूला. तरीही मंडई उभी आहे.

ती का उभी आहे, याचं उत्तर सिएटल महापालिकेच्या अभिलेखागारात, म्हणजे जुन्या दप्तरखान्यात, कागदोपत्री सापडतं. नगर परिषदेचे कायदे, शेतकऱ्यांचे परवाने, नागरिकांचे अर्ज, इमारतींचे फोटो, बैठकांची इतिवृत्तं असा तो पसारा आहे. कारकुनी थाटाचे हे कागद वाचायला रुक्ष आहेत. पण या मंडईचा जन्म, तिची मोठी जखम आणि तिची सुटका या तिन्हींच्या खुणा त्यांत आहेत.

सुरुवात कांद्याच्या भावापासून

कांदा आणि राजकारण यांचं नातं महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको. सिएटलमध्येही ठिणगी कांद्यानेच टाकली. १९०६ ते १९०७ या एका वर्षात तिथे कांद्याचा भाव जवळपास दहा पटींनी वाढला. गिऱ्हाईक हैराण झालं. शेतकरी मात्र श्रीमंत झाला नाही.

मधला पैसा कुठे जात होता? शहराच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर अडत्यांच्या वखारी होत्या. शेतकरी माल तिथे टाकायचा, अडत्या तो विकायचा, आपलं कमिशन कापायचा आणि उरेल ते शेतकऱ्याच्या हातावर ठेवायचा. माल सडला, उठाव नव्हता, असं अडत्याने सांगितलं तर शेतकऱ्याकडे ते तपासायचा काही मार्ग नसे. नाशिक-नगरकडच्या कुणालाही हे वर्णन परकं वाटणार नाही.

थॉमस रेव्हेल नावाचे एक वकील तेव्हा नगर परिषदेत होते. त्यांनी दप्तरातून एक जुना कायदा बाहेर काढला. शहराला एखादी जागा सार्वजनिक बाजार म्हणून ठरवून देता येईल, असा अधिकार देणारा तो कायदा १८९६ सालीच झाला होता. अकरा वर्षं तो तसाच पडून होता. रेव्हेल यांनी त्याचा आधार घेतला. पाईक प्लेस हा नव्याने केलेला फळ्यांचा रस्ता शेतकऱ्यांनी आपल्या गाड्या उभ्या करून थेट गिऱ्हाइकाला माल विकण्यासाठी मोकळा झाला.

१७ ऑगस्ट १९०७, शनिवार. पहिल्या दिवशी शेतकऱ्यांच्या मोजक्याच घोडागाड्या आल्या, आणि गिऱ्हाईक आलं हजारोंनी. दुपार व्हायच्या आत सगळा माल संपला. कित्येकांना रिकाम्या पिशव्या घेऊन परतावं लागलं. पुढच्या शनिवारी गाड्यांचा आकडा सत्तरच्या घरात गेला.

ही गर्दी बघणाऱ्यांमध्ये फ्रँक गुडविन हा एक जमीन व्यावसायिक होता. क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधात कमावलेला पैसा त्याच्याकडे होता आणि त्या रस्त्यालगतची जागाही. शेतकरी पावसात भिजतायत, तर त्यांच्या डोक्यावर छप्पर टाकलं तर भाडं मिळेल, हा हिशोब त्याला लगेच जमला. सिएटलचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण महिनोन्महिने भुरभुरत राहतो. ३० नोव्हेंबर १९०७ला, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आत, पहिली झाकलेली इमारत सुरू झाली. मग एकेक करत भोवती इमारती वाढत गेल्या. १९१० मध्ये आलेल्या एका इमारतीचं नाव ‘सॅनिटरी मार्केट’ पडलं. कारण काय, तर तिथे घोड्यांना आत यायला बंदी होती.

म्हणजे पहिल्यापासून ही मंडई दुहेरी होती. इमारती खाजगी मालकीच्या, आणि शेतकऱ्यांच्या जागांवर नियंत्रण शहराचं. शेतकऱ्याला परवाना शहर देई. सकाळी कोणती जागा कुणाला, हे ठरवायला ‘मार्केट मास्टर’ नावाचा अधिकारी असे. आपल्याकडच्या मंडईत गाळेवाले आणि जमिनीवर पाटी टाकून बसणारे असा फरक असतो, तसाच तिथेही होता. कायमच्या गाळ्यांना ‘हाय स्टॉल’ म्हणत आणि शेतकऱ्यांच्या रोजच्या ओट्यांना ‘लो स्टॉल’. शहराचा हात असल्यामुळेच कागद तयार झाले, आणि कागद तयार झाले म्हणूनच पुढची गोष्ट आकड्यांत सांगता येते.

५१५, १९६, ५३

हे तीन आकडे आहेत मंडईत माल विकणाऱ्या शेतकऱ्यांचे. १९३९ साली ५१५. १९४३ साली १९६. १९४९ साली ५३.

१९३९ ते १९४३ या चार वर्षांत तीनशेहून अधिक शेतकरी गेले कुठे?

दुसऱ्या महायुद्धाआधी या मंडईतल्या ओट्यांवर बसणाऱ्यांत दोन तृतीयांशाहून अधिक शेतकरी जपानी वंशाचे होते. काही अंदाज चार पंचमांशापर्यंत जातात. सिएटलच्या दक्षिणेला व्हाईट रिव्हरच्या खोऱ्यात आणि समुद्रापलीकडे बेनब्रिज बेटावर ते भाजीपाला आणि स्ट्रॉबेरी पिकवत. जमीन त्यांच्या नावावर असणं अवघडच होतं, कारण वॉशिंग्टन राज्याच्या १९२१च्या कायद्याने नागरिकत्व मिळू न शकणाऱ्या परदेशी माणसाला शेतजमीन विकत घ्यायला तर सोडाच, भाडेपट्ट्याने घ्यायलाही मनाई केली होती. जपानहून आलेल्यांना तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व मिळतच नव्हतं. मग अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर किंवा कुणा गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या नावावर शेती चाले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. बेनब्रिज बेटावरच्या कुटुंबांना ३० मार्चलाच बोटीत बसवण्यात आलं. सिएटल शहरातल्या लोकांना आधी प्युअलपच्या जत्रेच्या मैदानात ठेवलं आणि मग आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत पाठवलं. सोबत न्यायला हातात मावेल तेवढंच सामान. उभी पिकं शेतातच राहिली.

मंडईत त्या वसंतात एकामागून एक ओटे रिकामे झाले. छावण्या बंद झाल्यावरही फार थोडे शेतकरी पुन्हा इथे विकायला आले. जमिनी हातच्या गेल्या होत्या, अवजारं गेली होती, आणि परत येणाऱ्यांचं स्वागत करायला शहर फारसं उत्सुक नव्हतं.

परवान्यांच्या आकड्यांतून हे सगळं कळत नाही. आकडा घसरला एवढंच कळतं. सरकारी कागदाची ही मर्यादाच आहे. कोण आलं, किती भाडं भरलं, हे तो सांगतो, आणि एखादा माणूस यायचा थांबला की त्याच्याबद्दल बोलायचंही थांबतो. शेतकऱ्यांची बाजू नंतर कुटुंबांच्या आठवणींतून आणि ध्वनिमुद्रित मुलाखतींतून नोंदवली गेली. मंडईच्या प्रवेशाजवळ आज अकी सोगाबे या कलावतीची चित्रमालिका आहे, ती याच शेतकऱ्यांच्या आठवणीसाठी. माशांची रील काढणारे बहुतेक जण तिच्याखालूनच जातात.

१९४९च्या ५३ या आकड्यामागे अर्थात आणखीही कारणं आहेत. युद्धानंतर घरोघरी गाडी आली, फ्रिज आला, उपनगरात सुपरमार्केट आलं. ज्या खोऱ्यात भाजी पिकायची तिथे कारखाने आणि गोदामं उभी राहू लागली.

२२ एकर, १७ एकर, १.७ एकर

रिकामी होत चाललेली मंडई बिल्डरच्या नजरेत कशी दिसते, हे वेगळं सांगायला नको. समुद्राकाठची टेकडी, शहराचं हृदय, वर गळकी छपरं आणि खाली म्हातारे खलाशी राहतात अशा स्वस्त लॉजच्या खोल्या. १९५० मध्येच इथे सातमजली पार्किंग बांधायची सूचना आली होती. १९६३ मध्ये शहर आणि मध्यवर्ती भागातल्या व्यापाऱ्यांची संघटना यांनी मोठी योजना पुढे आणली. २२ एकरांवर ‘पाईक प्लाझा’ होणार होता. मंडईची नवी आवृत्ती त्यात कुठेतरी बसवली जाणार होती.

व्हिक्टर स्टाइनब्रुक हे वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुरचना शिकवत. गंमत म्हणजे ते काही नव्याचे शत्रू नव्हते. सिएटलची ओळख असलेला स्पेस नीडल हा मनोरा १९६२च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभा राहिला, त्याच्या रचनेतही त्यांचा हात होता. १९६४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ द मार्केट’ ही संस्था काढली. चित्रकार मार्क टोबी यांनी चाळीसच्या दशकात मंडईतल्या माणसांची रेखाटनं केली होती. त्यांचं पुस्तक त्याच वर्षी आलं. स्टाइनब्रुक यांचं स्वतःचं मंडईच्या रेखाटनांचं पुस्तक १९६८ मध्ये.

त्यांचं म्हणणं साधं होतं. इथल्या इमारती काही फार देखण्या नाहीत. जपायचा आहे तो इथला व्यवहार. गरीब माणसाला परवडणारं जेवण, शेतकऱ्याची गिऱ्हाइकाशी थेट गाठ, आणि कमी भाड्यात राहणारे लोक.

नगर परिषदेने १९६९ मध्ये योजना मंजूर केली. पुढे जे घडलं त्यात कागदाची ताकद दोन्ही बाजूंनी दिसते. मार्च १९७० मध्ये मंडईचा १७ एकरांचा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेला. तसं झालं की केंद्राच्या पैशाने पाडापाडी करणं अवघड. बचाववाले खूश झाले. पण पुढच्याच वर्षी दबाव आला आणि ही हद्द आखडून १.७ एकर करण्यात आली. एका दशांश चिन्हाने जवळजवळ सगळी मंडई संरक्षणाबाहेर गेली! १९७१ मध्ये केंद्राचा निधीही मंजूर झाला. आता फक्त बुलडोझर यायचा बाकी होता.

मतपत्रिकेवर मंडई

सिएटलच्या नागरिकांकडे एक हत्यार होतं, जे आपल्याकडे कुठल्याच महापालिकेत नाही. पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा केल्या तर नागरिक स्वतः लिहिलेल्या कायद्याचा मसुदा थेट मतदानाला टाकू शकतात. नगर परिषदेला तो पटो वा न पटो.

‘फ्रेंड्स’नी तेच केलं. सुमारे तीन आठवड्यांत २५ हजारांहून अधिक सह्या जमल्या. मसुद्यात सात एकरांचा ऐतिहासिक विभाग आखला होता आणि त्यावर देखरेखीसाठी आयोग सुचवला होता. महापौर, मोठे व्यापारी, बहुतेक बडी मंडळी विरोधात होती. जुनी मंडई वाचवायची तर आमचीच योजना हवी, असा त्यांचाही प्रचार होता. सामान्य मतदाराने गोंधळून जावं अशीच परिस्थिती.

२ नोव्हेंबर १९७१ रोजी मतदान झालं. बाजूने ७६,३६९ मतं पडली, विरोधात ५३,२६४. म्हणजे जवळपास ५९ टक्के शहर मंडईच्या बाजूने उभं राहिलं. हा मसुदा मग शहराचा १००४७५ क्रमांकाचा कायदा झाला.

महापौर वेस उलमन यांना श्रेय द्यायला हवं. हरल्यावर त्यांनी अडून न बसता निकाल मान्य केला. पाडण्यासाठी आलेला केंद्राचा निधी दुरुस्तीकडे वळवण्यात आला. मंडई चालवण्यासाठी १९७३ मध्ये स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरण स्थापन झालं. त्याने इमारती ताब्यात घेतल्या आणि सत्तरच्या दशकात त्या एकेक करून उभ्या ठेवल्या.

कायद्यात नेमकं काय लिहिलंय?

वारसा जतन म्हटलं की आपल्यासमोर दर्शनी भाग रंगवून काढलेली इमारत येते. आत काहीही चालो, बाहेरून कमान जुनी दिसली म्हणजे झालं. सिएटलच्या कायद्याने इथे वेगळी वाट धरली, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. त्या कायद्याने इमारतीसोबत तिचा ‘वापर’ही संरक्षित केला.

आयोगावर बारा सदस्य असतात. जागामालक, दुकानदार आणि तिथे राहणारे लोक यांचे प्रत्येकी दोन. ‘फ्रेंड्स ऑफ द मार्केट’, एक कलासंस्था आणि वास्तुविशारदांची संघटना यांचेही प्रत्येकी दोन. दुकानाची पाटी बदलायची, रंग बदलायचा, मांडणी हलवायची, मालाचा प्रकार बदलायचा किंवा दुकान दुसऱ्याला द्यायचं, तर आयोगाची मंजुरी लागते. साखळी दुकानांना इथे दार बंद आहे. अपवाद फक्त इथेच जन्मलेल्यांना. म्हणून स्टारबक्स आत आहे, आणि तिथल्या पाटीवर तपकिरी रंगाचं जुनं बोधचिन्ह अजून टिकून आहे.

हे नियम काहींना जाचक वाटतात, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पाटीच्या अक्षरांसाठी बैठकीला जायचं म्हणजे छोट्या दुकानदाराला डोकेदुखीच. पण भाडं कुणी कितीही देवो, भाजीच्या ओट्यावर मोबाईलची कव्हरं येत नाहीत, ती याच नियमांमुळे. शेतकऱ्याला ओट्यावर पहिला हक्क, नंतर हस्तकलावाल्यांना. सकाळी हजेरी घेऊन ज्येष्ठतेनुसार जागा वाटायची पद्धत आजही चालू आहे. मंडईच्या इमारतींत कमी उत्पन्नाच्या लोकांची घरं आहेत, दवाखाना आहे, ज्येष्ठांचं केंद्र आहे, पाळणाघर आहे.

कागदाने एकदा या मंडईला गोत्यातही आणलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुरुस्तीसाठी पैसा हवा होता. प्राधिकरणाने करसवलतीचा फायदा मिळवून देणारा एक व्यवहार न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांशी केला. त्यात बऱ्याच इमारती कागदोपत्री त्यांच्या नावावर गेल्या. १९८६ मध्ये करकायदा बदलला, सवलत आटली आणि गुंतवणूकदार म्हणू लागले की आम्हीच खरे मालक, भाडी आम्ही ठरवणार. शहर हादरलं. कोर्टकचेऱ्या झाल्या. १९९१ मध्ये पैसे मोजून तडजोड झाली आणि मंडई पुन्हा सार्वजनिक हातात आली.

दप्तरात काय काय आहे?

सिएटलचं महापालिका अभिलेखागार १९८५ मध्ये रीतसर सुरू झालं. शहराच्या सिटी हॉलमध्ये ते आहे आणि सामान्य माणसालाही तिथे जाऊन कागद मागता येतात.

मंडईबद्दलचा ऐवज तिथे एका कपाटात नाही. नगर परिषदेचे कायदे वेगळे. नगर लिपिकाच्या फायली वेगळ्या, आणि त्यांत नागरिकांचे अर्ज आणि पत्रं. अभियांत्रिकी विभागाने रस्त्याचं काम नोंदवण्यासाठी काढलेल्या जुन्या फोटोंत योगायोगाने भाजीच्या गाड्या, टोप्या घातलेले पुरुष, टोपल्या घेतलेल्या बायका टिपल्या गेल्या. इंजिनिअरला रस्ता हवा होता, आपल्याला माणसं मिळाली. पुनर्विकास प्रकल्पाच्या फायली आहेत, आणि त्या काळातले फोटो आणि ध्वनिफितीही. जी यंत्रणा मंडई पाडायला निघाली होती, तिनेच मंडईची इतकी बारीक नोंद मागे ठेवली. बचाववाल्यांची बाजू मात्र शहराच्या दप्तरात पूर्ण सापडत नाही. ‘फ्रेंड्स’चे आणि स्टाइनब्रुक यांचे कागद वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. दोन्ही समोर ठेवून वाचले तरच भांडण नीट कळतं.

यातले बरेच फोटो आता ऑनलाइन आहेत. अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मंडईचं नाव टाकून शोध घेतला की घरबसल्या पाहता येतात.

या दप्तरात भर अजून पडतेच आहे. २००८ मध्ये मतदारांनी मंडईच्या दुरुस्तीसाठी ७ कोटी ३० लाख डॉलरचा कर स्वतःवर लावून घेतला. २०१७ मध्ये ‘मार्केटफ्रंट’ हा नवा भाग उघडला. त्यात शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे नवे ओटे आहेत, आणि कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी घरं आहेत. मंडईचा विभाग सातावरून सुमारे नऊ एकरांवर गेला आहे. आयोगाच्या बैठका चालू असतात आणि त्या सर्वांना खुल्या असतात. कुणाला पाटी बदलायची असते, कुणाला भट्टी हलवायची असते. अर्ज येतो, चर्चा होते, इतिवृत्त लिहिलं जातं आणि फायलीत जातं.